दर रविवारची सॉरी

"मॅडम, जरा स्वतःचाच पत्ता पिंग करून दाखवा ना."

पहिल्या रांगेतले एक पालक म्हणाले. मुलाच्या ॲडमिशनसाठी आले होते. टेलिफोन खात्यात नोकरी केलेले असावेत, कारण मी बोलत असताना तेच एकटे मान डोलवत होते.

रविवारचा सेमिनार. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या इन्स्टिट्यूटचा वरचा मजला. खुर्च्या भरलेल्या, कूलर खडखडतोय, पडद्यावर माझ्या लॅपटॉपची काळी खिडकी. मी माइकसमोर. बिघडलेलं नेटवर्क मी नुकतंच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुरुस्त केलं होतं. टाळ्या मिळाल्या होत्या. हात अजून कीबोर्डवरच होते.

मी पत्ता टाइप केला. एंटर दाबलं.

टिंबं आली. पिंग म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला मारलेली हाक. उत्तर आलं की पडद्यावर उद्गारचिन्ह उमटतं, नाही आलं की टिंब. माझ्या पडद्यावर नुसती टिंबं, ओळीने, शेवटच्या खुर्चीवरूनही दिसतील एवढी मोठी.

कुणीतरी हसलं.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात इन्स्टिट्यूटच्या मालकांनी, आमच्या सरांनी, माइक ओढून घेतला.

"अजून कच्ची आहे हो पोरगी," सर म्हणाले. "आपण जीव तोडून शिकवतो. पण यांच्या घरी वातावरण नसतं ना. रक्तात यायला दोन पिढ्या लागतात."

हॉल हसला. कुचकट नाही, कौतुकाने हसला. ते जास्त लागतं.

सर माझ्या खांद्यावरून वाकले. एक ओळ टाइप केली. पुन्हा पिंग. सगळी उद्गारचिन्हं. टाळ्या.

"काय म्हणायचं असतं?" त्यांनी मला विचारलं. माइकवरून.

"सॉरी सर."

मी चुकले नव्हते.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. मी दाखवत होते त्या पद्धतीला फ्रेम रिले म्हणतात. जुनी पद्धत. गावोगावची ऑफिसं टेलिफोन कंपनीच्या तारांवरून एकमेकांना जोडायची. प्रत्येक ऑफिसात एक राऊटर, म्हणजे इकडचा निरोप तिकडे पोचवणारं यंत्र. या पद्धतीत राऊटरने स्वतःच्याच पत्त्यावर हाक मारली तरी ती आपल्यापाशी संपत नाही. तारेतून समोरच्या राऊटरकडे जाते आणि तिथून परत येते. तेवढ्यासाठी एक ओळ वेगळी लिहावी लागते. ती नसली तरी नेटवर्क धडधाकट चालतं. तो बिघाड नाहीच. मला हे सरांनीच शिकवलं होतं, त्याच हॉलमध्ये, फळ्यावर खडूने आकृती काढून. छान शिकवलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. पण लोकांपुढे एवढं सगळं समजावत बसण्यापेक्षा माझ्या घरावर ढकलणं सोपं होतं. त्यांनी सोपं केलं.

"यांच्या घरी" म्हणजे कुणाच्या, हे त्या हॉलमध्ये कुणाला विचारावं लागलं नाही. जात न उच्चारता जात सांगायची कला आमच्या शहराला चांगली अवगत आहे. 'यांच्या', 'तुमच्या लोकांत', 'त्या भागातली'. शब्द साधे. नेम बरोबर लागतो.

दारात माझी माय उभी होती. हातात ओलं फडकं. ती त्याच इमारतीत झाडझुड करायची, तिन्ही मजले, जिने, संडास. सेमिनार संपला की खुर्च्या उचलायच्या म्हणून थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

आमची वस्ती उत्तरेकडची. विहार, विहारावर निळा झेंडा, समोर बोअरवेल. बाप कळमन्याच्या धान्यबाजारात हमाल होता. पोती उचलून उचलून त्याची कंबर गेली, तेव्हापासून घरीच. माय आधी कळमन्यातच सांडलेलं धान्य झाडून पाखडायची, मग या इमारतीत लागली. मी डिप्लोमा केला. नोकरी लागेना. माय एक दिवस जिना पुसता पुसता सरांना म्हणाली, "माही पोरगी शिकलेली हाये साहेब, बसून हाये." सरांनी मला बोलावलं. फी माफ केली. बदल्यात शिकून झाल्यावर दोन वर्षं त्यांच्याच लॅबमध्ये शिकवायचं. आणि तोवर माझी मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे राहणार. मार्कशीट, डिप्लोमा, जातीचा दाखला, सगळं. "विश्वासाचा प्रश्न नाही गं," सर म्हणाले, "सिस्टीम आहे आपली." त्यांच्या केबिनमध्ये लोखंडी कपाट होतं. त्यात माझी फाईल गेली, आणि मी त्यांच्या पाया पडले. हो, पडले. मला खरंच तो देवमाणूस वाटला होता.

लॅबमध्ये खरा राऊटर एकही नाही. सगळे नकली, कॉम्प्युटरच्या पोटात चालणारे. पडद्यावर चित्र, त्यावर क्लिक केलं की काळी खिडकी उघडते आणि खऱ्यासारखा वागतो. मधोमध एक ढग काढलेला असतो. तो म्हणजे टेलिफोन कंपनी. बाहेरच्या जगात फ्रेम रिले कधीच गेलं. भंगारात गेलं. आमच्याकडे मात्र रोज जिवंत, कारण सरांच्या नोट्स त्या काळातल्या आणि सेमिनारला ते दिसतंही झकास. तारा तुटलेल्या दाखवायच्या, मग एकेक करून जोडायच्या. लोकांना काही कळत नाही, पण काहीतरी बरं झालं एवढं दिसतं.

त्या नकली राऊटरची एक खोड होती. त्याला काही काम नसलं तरी तो कॉम्प्युटरला पुरता राबवतो. पंखा बोंबलायला लागतो, मशीन तापतं. त्याला वेगळं सांगावं लागतं की बाबा, तू आता रिकामा आहेस, दम घे. नवीन बॅचला मी सगळ्यात आधी हेच शिकवायची. नागपूरचा मे महिना आणि बारा मशीनं तापलेली, न शिकवून सांगता कुणाला.

आणि बिघाड पेरायचा. ही आमची रोजची रीत. विद्यार्थी यायच्या आधी शिकवणाऱ्याने चालू नेटवर्कमध्ये चुका टाकून ठेवायच्या. एका ठिकाणी सर्किटचा नंबर उलटा करायचा. दुसरीकडे राऊटर आणि ढग यांची बोलायची भाषा वेगळी ठेवायची, म्हणजे दोघंही जिवंत आणि तरी मुके. मग पोरांनी शोधायचं. मला हे काम मनापासून आवडायचं. एखादी मुलगी तासभर डोकं धरून बसते आणि एकदम ओरडते, "ताई, सापडलं!" त्या ओरडण्यासाठी मी सकाळी लवकर जायची.

त्या रविवारी आम्ही दोघी घरी गेलो. माय चुलीपुढे बसली. गॅस होता, पण भाकरी ती चुलीवरच करायची. भाकरी थापता थापता म्हणाली,

"तू चुकली काय वं?"

"नाई."

"मंग सॉरी काहून म्हणली?"

मी चिडले. "तुले नाई समजत माय. तसं म्हणा लागते."

"असं," ती म्हणाली, आणि भाकरी उलटवली.

मी जेवले नाही. तिने आग्रह केला नाही. मी उगाचच तिच्यावर डाफरले होते, हे तिलाही कळत होतं.

मला वाटलं होतं, सर सोमवारी रागावतील. नाही तर निदान केबिनमध्ये, दार लावून, म्हणतील की काल तसं बोलायला नको होतं. त्यांनी बोलावलं. खुश होते. चहा मागवला.

"काल ॲडमिशन्स बघितल्यास? आजवर एवढ्या नव्हत्या. का सांग?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तू अडखळलीस ना, म्हणून. लोकांना ते खरं वाटलं. अगदी साधी पोरगी, चुकते, सर सावरून घेतात. प्रत्येक आईबापाला वाटलं, इथे आपलं पोरगंही सावरून घेतील. आता दर रविवारी तसंच करायचं."

"कसं सर?"

"मी कुणाला तरी विचारायला लावतो. तू पिंग मारायचा. टिंबं येतील. मग मी."

"पण सर, ती चूक नाहीये."

"लोकांना कुठे कळतंय?" ते हसले. "आणि ते सॉरी म्हणालीस ना, ते फार छान होतं. मनापासून आलं. तसंच यायला पाहिजे."

मी कपाटाकडे पाहिलं. त्यांनी मला कपाटाकडे पाहताना पाहिलं. "बरं सर," मी म्हटलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं नाक त्या कपाटात होतं.

मग रविवारमागून रविवार. मीच शनिवारी ती ओळ काढून ठेवायची. पेरलेले बाकीचे बिघाड मी झटझट दुरुस्त करायची, टाळ्या घ्यायची, मग ठरलेला माणूस ठरलेला प्रश्न विचारायचा. टिंबं. हशा. सर. उद्गारचिन्हं. "काय म्हणायचं असतं?" "सॉरी सर."

सर सुधारणाही सांगायचे. एकदा म्हणाले, मान जरा खाली घाल. एकदा म्हणाले, लगेच नको म्हणूस, ओशाळल्यासारखी थांब आणि मग म्हण. वातावरणाचं वाक्यही वाढत गेलं. आधी घरी वातावरण नसतं एवढंच होतं. मग घरी पुस्तक नसतं. मग वस्तीत दारू. माझा बाप सुपारीसुद्धा खात नाही. मी माइकपासून हातभर अंतरावर उभी राहून ऐकायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मला विचारा. त्यातली वाईट गोष्ट बुक्का नाही. वाईट हे की हळूहळू तोंड आपलं आपणच दाबून धरायला लागतो. सेमिनारच्या आदल्या संध्याकाळी मी आरशासमोर मान किती खाली घालायची ते बघायला लागले होते.

लाज वाटायची. राग यायचा. पण आठवड्याचे बाकीचे दिवस लॅब माझी आहे, असं मनाला सांगायची.

तेही राहिलं नाही. सेमिनार बघूनच तर पोरं ॲडमिशन घ्यायची. ती लॅबमध्ये यायची तीच मुळी मला कच्ची समजून. एका मुलाचा राऊटर ढगाशी बोलत नव्हता. मी म्हटलं, दोघांची भाषा जुळत नाही, ती ओळ बदल. तो म्हणाला, "थांबा मॅडम, सरांना विचारून येतो." विचारून आला आणि मी सांगितलेलंच केलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मागच्या बाकावरून कधी कधी बारीक आवाजात यायचं, "सॉरी सर." मग खसखस.

आमच्याच वस्तीतली एक मुलगी त्या बॅचमध्ये होती. हुशार. तिची फीही सरांनी माफ केलेली. तिने एक दिवस मला जिन्यात गाठलं.

"ताई, एक विचारू? राग नको येऊ द्या. तुमाले खरंच नाई येत का?"

"तुले काय वाटते?"

"मले वाटते येते. पण सर म्हणतात पुढल्या वर्षी तुमच्या जागी मले उभं करतील." ती थांबली. "मले पण चुका लागंन का?"

मी तिला काहीतरी थातूरमातूर सांगितलं. वर्गात जाऊन बसले. पडद्यावर ढग होता आणि त्याला जोडलेले सगळे राऊटर. खिडकी उघडली तर समोर साडीच्या दुकानाची भिंत, हाताला लागेल इतकी जवळ.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बुटीबोरीच्या एका कारखान्यातून फोन आला. मी चोरून अर्ज केला होता. तिथल्या नेटवर्कच्या खोलीत माणूस हवा होता. मुलाखत झाली. त्यांनी माझं घर विचारलं नाही, बाप विचारला नाही. एक बंद पडलेली लाईन दाखवली आणि काय काय तपासशील ते विचारलं. मी सांगितलं. निघताना ते म्हणाले, मूळ कागदपत्रं घेऊन या, जॉइन व्हा. बसमध्ये मी वर्ध्याच्या रस्त्याकडे बघत रडले. आनंदाने.

माझी दोन वर्षं भरत आली होती. मी सरांकडे गेले. कागद मागितले.

"देतो ना," सर म्हणाले. "अडवणारा मी कोण? फक्त यंदाचा मोठा सेमिनार होऊ दे. सभागृह घेतलंय. मोठी माणसं येणार आहेत. तेवढा एक कर. आणि तुझ्या आईलाही स्टेजवर आणू. शाल देऊ. लोकांना कळू दे कुठून कुठे आलीस."

मायला त्यांनी परस्परच सांगितलं होतं. ती घरी आली. जेवणं झाली, भांडी घासून झाली, मग म्हणाली,

"साहेब म्हणे, नवं लुगडं नेसू नको, कामावरचंच नेस. अन् झाडू घेऊन ये."

"स्टेजवर?"

"हव. म्हणे फोटोत बरं दिसते." ती हात पुसत राहिली. "कागद भेटतीन ना पण तुले?"

"भेटतीन."

"मंग आणतो झाडू. काय होते त्याले. रोजच धरतो हातात."

बाप खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो झोपलेला नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं सगळं होऊन बसलं होतं, आणि आम्ही तिघंही एका खोलीत एकमेकांकडे न बघता ते धरून होतो.

सभागृहात एसी होता. माय विंगेत उभी, कामावरचं लुगडं, हातात झाडू. चपला तिने जिन्यापाशीच काढल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी तिला मधोमध आणलं. लोकांनी फोन वर केले.

"मावशी," सर माइकवर म्हणाले, "मुलगी काय काम करते, कळतं का तुम्हाला?"

माय म्हणाली, "नाई जी."

हशा. तोच, कौतुकाचा.

"आणि तरी बघा," सर म्हणाले, "आज ती इथे उभी आहे. हा झाडू बघा आणि हा लॅपटॉप बघा. हे अंतर कुणी कापलं?" टाळ्या. शाल खांद्यावर टाकली. शाल घेताना झाडू ठेवायचा कुठे ते मायला कळेना. तिने तो काखेत धरला. कुणीतरी पुढून ओरडलं, "मावशी, झाडू पुढे घ्या, फोटो!" तिने झाडू पुढे घेतला.

मग माझं काम सुरू झालं. तुटलेल्या तारा मी जोडल्या. हात आपोआप चालत होते. ठरलेला माणूस उठला, ठरलेलं बोलला. मी स्वतःच्या पत्त्यावर पिंग मारला. टिंबं आली. सर वाकले, ओळ टाकली, उद्गारचिन्हं आली. सभागृह वाजलं.

"काय म्हणायचं असतं?"

मी मायकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती लोकांकडेही पाहत नव्हती. पडद्याकडे पाहत होती, डोळे बारीक करून, जणू तिथे लिहिलेलं वाचता आलं तर तिला समजेल की पोरगी नेमकी चुकते कुठे. दर रविवारी दारात उभी राहून ती हेच करत आली असणार. चूक शोधत होती माझी. जी नव्हतीच.

माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. भीती गेली नाही. पण शब्द तोंडात आला आणि बाहेर पडेना.

"काय म्हणायचं असतं?" सरांनी हसत पुन्हा विचारलं.

"मी चुकले नाही, सर."

"हो हो, ठीक आहे."

"मी चुकले नाही. कधीच चुकले नव्हते. तुम्हाला माहीत आहे. मी सॉरी म्हणणार नाही."

मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवली. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. सर हसले. सराईत माणूस. "बघा, कॉन्फिडन्स!" ते म्हणाले. "हाच आम्ही देतो."

मी मायजवळ गेले. तिच्या हातातला झाडू घेतला, लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवला. शाल त्याच्यावर ठेवली. "चाल माय." ती निघाली. जिन्यात तिला चपला घालताना मी धरलं, कारण तिचा तोल जात होता. आत टाळ्या चालूच होत्या. आमच्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. वस्तीतली ती मुलगी पहिल्या मजल्यावर खुर्ची लावून फॉर्म वाटत बसली होती. तिने आम्हाला पाहिलं आणि उभी राहिली.

सोमवारी मायला इमारतीत येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. मी केबिनमध्ये गेले. सर या वेळी हसले नाहीत.

"माफीनामा लिहून दे. दोन ओळी पुरेत. सभागृहात माझ्याकडून चूक झाली, मी दिलगीर आहे. लगेच फाईल देतो."

"चूक झाली नाही सर."

"मग बस."

मी निघून आले. बुटीबोरीला फोन केला, थोडा अवधी मागितला. ते सभ्य होते. थांबले. पुन्हा मागितला. पुन्हा थांबले. मग म्हणाले, मॅडम, जागा भरावी लागेल. भरली. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी मी अंगणात बसून पोटभर रडले, आणि सरांना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की मायने ऐकल्या असत्या तर तिनेच मला चुलीतलं लाकूड दाखवलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस होता. सगळं ऐकून घेतलं. कपाळ चोळलं.

"कशाले एवढं डोकं लावून राहिली बाई? हरवले म्हणून लिही. ऑटोत राहिले, बस. मी सही-शिक्का मारून देतो. बोर्डातून डुप्लिकेट काढ. महिनाभरात नवे कागद तुह्या हातात."

"हरवले नाहीत साहेब."

"मले समजते ना. पण कागदाशी मतलब हाये का नाई?"

खरं होतं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नवे कागद, नवी नोकरी, सरांचं तोंड पाहायला नको. फक्त एक ओळ लिहायची. माझ्याकडून राहिले. माझ्याच हातून गेले. माझाच हलगर्जीपणा. त्याने पेन माझ्यापुढे सरकवला. मी तो उचलला, आणि त्या कोऱ्या कागदापुढे मला ओळखीचं काहीतरी जाणवलं. मान आपोआप खाली गेली होती. किती खाली, तर आरशासमोर ठरवली होती बरोबर तितकीच.

मी मान वर केली.

"समजवा ना पोरीले," हवालदार मायला म्हणाला.

"तिले समजते साहेब," माय म्हणाली. "म्हणूनच आली इथं."

मी लिहिलं. माझी मूळ कागदपत्रं हरवलेली नाहीत. ती माझ्या हातून कुठेही राहिलेली नाहीत. ती संस्थेच्या मालकांनी आपल्या कपाटात दाबून ठेवली आहेत, आणि माझ्या जातीवरून मला व माझ्या आईला लोकांसमोर हिणवलं आहे. त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक.

हवालदाराने वाचलं. कागद परत सरकवला. "हे नाई घेता येत बाई. साहेब आल्यावर पाहू. तोपर्यंत विचार कर."

"विचार करूनच लिहिलं."

ठाणेदार साहेब त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, बाहेर गेले. मी रोज जाते. बाहेर बाक आहे, त्यावर बसते. माय दुपारी डबा घेऊन येते, तीही बसते. लोक सांगतात, एक शब्द बदल, सुटशील. सरांचा निरोप येतो, दोन ओळी लिही, सुटशील. सगळ्यांना माझ्याकडून एकच हवंय, जे झालं ते माझ्यामुळे झालं असं माझ्या अक्षरात.

ते मिळणार नाही. डिप्लोमा त्या कपाटात कुजला तरी चालेल. पुन्हा पहिलीपासून परीक्षा द्यावी लागली तर देईन. तो कागद ठाण्यातून परत आला की मी दुसरा लिहिते. मजकूर तोच असतो.